संगीन अजून रिटायर नाही झाली
संगीन (बंदुकीच्या नळीच्या टोकाला लावायचं पातं) आता फक्त परेडपुरती उरलीय असं म्हणतात, ते अर्धंच पटतं. अमेरिकन आर्मीने २०१० मध्ये बेसिक ट्रेनिंगमधून संगिनीचा सराव काढला हे खरंय, पण त्याच्या सहाच वर्षं आधी, मे २००४ ला इराकात अल अमाराजवळ अँबुशमध्ये सापडलेल्या ब्रिटिश सैनिकांनी संगिनी लावून खंदकांवर चाल केलीच होती की, आणि १९८२ ला फॉकलंडमध्ये टम्बलडाउनच्या डोंगरावर ब्रिटिशांच्याच स्कॉट्स गार्ड्स पलटणीनी पण. माझ्या मते संगिनीचा खरा उपयोग भोसकण्यापेक्षा समोरच्याचा धीर सुटावा यासाठीच. सैनिकाजवळचा चाकू म्हणाल तर तो दोऱ्या नि डबे कापायलाच जास्त लागतो :) बाकी हातघाईची लढाई अजून संपलेली नाही: गलवानला २०२० मध्ये चिनी सैनिकांशी एकही गोळी न चालता झालेल्या दगड-दांडक्यांच्या मारामारीत आपले २० जवान गेले, ते विसरू नका.