'क्षपणकारी शर्करा' म्हणजे नक्की काय कमी होतं?

करवीरकर: गुळाच्या तपासणी अहवालात 'रिड्युसिंग शुगर 14 टक्के' असं लिहून येतं. आपल्याकडं कोल्हापुरात त्याचा अर्थ 'साखर 14 टक्क्यांनी घटली' असाही लावतात. मराठी पुस्तकांत 'क्षपणकारी शर्करा' आहे. यात घटतं काय? आणि साखर, शर्करा एकच ना?

मोरचूद: साखर घटत नाही; ही शर्करा दुसऱ्याचं क्षपण करते, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देते. ती ओळखायला वापरतात त्या बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात मोरचूद (कॉपर सल्फेट) असतं. शर्करा त्यातल्या तांब्याला इलेक्ट्रॉन देते आणि विटकरी साका खाली बसतो. म्हणून '-कारी' महत्त्वाचं. कुणी 'क्षपणित शर्करा' लिहिलं तर अर्थ पार उलटा होतो.

साखर आणि शर्करा बोलण्यात एकच, रसायनात नाही. साखर म्हणजे फक्त सुक्रोज. शर्करा हे कुळाचं नाव. त्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज, दुधातलं लॅक्टोज, सगळी आली. (संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे, रेव.) सुक्रोज या कुळातलं असूनही क्षपणकारी नाही, कारण त्यातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज नेमके आपापल्या क्रियाशील टोकांनीच जोडलेले असतात.

करून बघा: 5 मिली बेनेडिक्ट, त्यात 8 थेंब नमुना, उकळत्या पाण्यात 3 मिनिटं. साखरेचं पाणी निळंच राहतं, गुळाचं हिरवं-पिवळं होत विटकरीकडं जातं. साखरेच्या पाण्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून आधी उकळलं तर साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि तेही रंग देतं. पण बेनेडिक्ट घालण्यापूर्वी खाण्याचा सोडा टाकून, फसफस थांबेपर्यंत, आम्ल मारावंच लागतं. क्रिया अल्कधर्मी द्रावणातच होते. हे राहिलं की द्रावण निळंच राहतं आणि 'साखर फुटलीच नाही' असा चुकीचा निष्कर्ष वहीत जातो.

गुळव्या: गुऱ्हाळात साखर दोनदा फुटते. पहिल्यांदा तोडलेल्या उसात, इन्व्हर्टेज या विकरामुळं (एन्झाइममुळं). म्हणून ऊस 24 तासांच्या आत गाळायचा. दुसऱ्यांदा काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत. तिथं विकर उष्णतेनं निकामी होतो, पण रस आंबटसर असतो आणि आम्ल आणि उष्णता मिळून साखर फोडतातच. चुन्याची निवळी घालतात ती हे आम्ल मारायलाच. ती जास्त पडली तर फुटलेल्या शर्करा अल्कलीत काळवंडतात, गूळ काळा पडतो. कमी पडली तर पाकाची गोळी धरत नाही, रवा (गुळाची ढेप) कडक बसत नाही आणि पावसाळ्यात पाघळतो. कारण फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढतं.

करवीरकर: मग 'इन्व्हर्ट शुगर' म्हणतात ती ही फुटलेली साखरच का? तिला उलटी साखर म्हणायचं?

मोरचूद: उलटते ती साखर नव्हे, ध्रुवित प्रकाश (एकाच प्रतलात कंप पावणारा) वळण्याची दिशा. सुक्रोज तो उजवीकडं वळवतं (विशिष्ट वलन अधिक 66.5 अंश); फुटल्यावरचं मिश्रण डावीकडं, साधारण उणे 20. 'उलटी' शब्द खाण्याच्या पदार्थाला नकोच. 'फुटलेली साखर' म्हणावं. 342 भाग साखर, 18 भाग पाणी, त्यातून 180 भाग ग्लुकोज आणि 180 भाग फ्रुक्टोज.

गुळव्या: 'फुटलेली साखर' बोलताना चालेल, अहवालात नको. कोवळ्या उसात ग्लुकोज-फ्रुक्टोज मुळातच जास्त असतं. ते गुऱ्हाळात फुटून आलेलं नसतं, पण त्या 14 टक्क्यांत मोजलं जातं. तिथं 'क्षपणकारी शर्करा' हाच शब्द बरोबर.