रिगवरचा ‘अपघातमुक्त दिवस’ फलक ठेवावा की उतरवावा?

साळकाठ, बेतूल
६ फेब्रुवारी २०२४ ला आपल्या बेतूलला ओएनजीसीचं सागरी बचाव प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. बुडत्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायला शिकून पोरं रिगवर, म्हणजे समुद्रात तेलविहीर खोदायच्या मंचावर, जातात आणि तिथे आधी दिसतो तो ‘इतके दिवस अपघात नाही’ हा फलक. तो उतरवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडा असतो एलटीआयचा, म्हणजे दुखापतीमुळे माणूस पुढच्या पाळीला येऊ शकला नाही अशा घटनांचा. विहिरीची तब्येत त्यातून कळत नाही. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन रिगवर एलटीआयविना सात वर्षं झाल्याचं कौतुक करायला साहेब लोक आले होते. त्याच संध्याकाळी निगेटिव्ह प्रेशर टेस्टमध्ये, म्हणजे वरचा दाब कमी करून विहीर गळते का ते पाहण्याच्या चाचणीत, ड्रिल पाइपवर (खोदाईच्या नळीवर) १४०० पीएसआय दाब होता, किल लाइनवर (बाजूच्या नळीवर) शून्य. दोन्ही जोडलेल्या एकाच विहिरीला. एकीवर दाब दिसला की टेस्ट नापास. तरी पास धरली. स्फोट झाला, ११ माणसं गेली.

फलकावर लिहायचं तर हे लिहा: बीओपीची, म्हणजे विहिरीचं तोंड बंद करणाऱ्या झडपांच्या संचाची, शेवटची टेस्ट कधी झाली, त्यातला रॅम (दोन बाजूंनी मिटणारी झडप) ३० सेकंदांच्या आत बंद झाला का, किती अलार्म बायपास केलेत, ट्रिप शीट (पाइप काढताना विहिरीत किती मड, म्हणजे खोदाईचा जड द्रव, गेला त्याची नोंद) जुळली का. ५ इंची ड्रिल पाइपचे ५ स्टँड (जोडलेल्या पाइपांचे लांब तुकडे) वर काढले की लोखंडाची जागा भरायला ट्रिप टँकमधून (मड मोजायच्या टाकीतून) साधारण साडेतीन बॅरल मड विहिरीत जायला हवा. अडीचच गेला, तर उरलेल्या एका बॅरलची जागा खालच्या गॅसने, तेलाने किंवा पाण्याने घेतली. पाइप घाईने ओढला की पिचकारीसारखं शोषण होतं, त्यातून हे घडतं. तिथेच थांबून फ्लो चेक करायचा, म्हणजे विहीर आपोआप वाहते का ते पाहायचं. गॅस असेल तर वर येताना तो फुगत जातो, मग हाताशी वेळ फार थोडा उरतो.

डेरिक, वास्को
साळकाठबाब, विहिरीचं पटलं, फलकाचं नाही. ब्लोआउट (विहीर बेकाबू उसळणं) क्वचित होतो. बोटं चेंगरणं, वरून वस्तू पडणं याची भीती रोजची. मंकी बोर्ड (मनोऱ्यावरची कामाची फळी) फ्लोअरपासून सुमारे २५ मीटर वर. तिथून सुटलेली एक किलोची हातोडी खाली येईतो ताशी ८० किलोमीटरचा वेग घेते. तिच्यापुढे हेल्मेटचा भरवसा नाही. म्हणून हत्यार दोरीने बांधायचं, चढताना नोंद, उतरल्यावर मोजणी, आणि वर काम चालू असेल तर खाली कुणी थांबायचं नाही. स्लिपची (पाइप धरून ठेवणाऱ्या पाचरांची) हँडलं तळहात वर करून धरायची. रोस्टाबाउटला (रिगवरच्या साध्या कामगाराला) निगेटिव्ह टेस्ट कळत नाही, हा फलक कळतो.

साळकाठ, बेतूल
आकडा मोडू नये म्हणून काय चालतं तेही सांगा ना! चार टाके पडलेल्याला ‘हलकं काम’ देऊन ऑफिसात बसवतात, केस एलटीआयमधून सुटते. मग थोडक्यात टळलेल्या अपघाताचं कार्डही कुणी भरत नाही. आणि साडेतीन व अडीच यांतला फरक रोस्टाबाउटलाही कळतो.

परमिट, मडगाव
तुम्ही ज्या दोन गोष्टी वेगळ्या धरताय, त्या २७ जुलै २००५ ला मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात एकत्र आल्या. ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडेना. (त्या दिवसांत आपले ट्रॉलर कुटबणच्या जेटीला बांधलेले असतात, समुद्राचं वेगळं सांगायला नको.) क्रेनच्या बास्केटने त्याला प्लॅटफॉर्मवर घेतलं आणि नंतर जहाज गॅसच्या रायझरवर, म्हणजे समुद्रतळापासून प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या नळीवर, आदळलं आणि आग लागली. २२ माणसं गेली. बोटाला एलटीआयचा रकाना आहे, रायझरला कुठला?

जहाज जवळ घेण्याआधी विचारायचं: वारा आणि प्रवाह त्याला कुठे ढकलतात, सगळे थ्रस्टर (जहाज जागेवर धरणारे पंखे) नीट चालतात का, त्या बाजूला रायझर आहे का, जखमीवर जहाजातच उपचार होतील का.

फलकावर उघडी परमिटंही (अजून न संपलेल्या कामांचे परवाने) हवीत. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर (६ जुलै १९८८, १६७ मृत्यू) एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून ठेवला होता. पाळी बदलली, रात्रीच्या लोकांना ते कळलंच नाही, त्यांनी पंप सुरू केला.

डेरिक, वास्को
परमिटांचं शंभर टक्के मान्य. तुमचा फलक लावा, पण ड्रिलरच्या केबिनमध्ये नको, मेसच्या दाराशी, हिंदीत. जुना मात्र राहू दे. त्यावर ‘हलकं काम’ दिलेल्या केसही मोजा आणि काल कुठे बोट सापडता सापडता वाचलं ते खाली खडूने लिहा.