हुतात्म्यांना संत केलं कोणी? (वाद वाढला आहे, जपून वाचा)

शंकासूर: सुरुवातीचे ख्रिस्ती हुतात्मे संत झाले ते पोपच्या शिक्क्याने. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आला, चर्चला सत्ता मिळाली, संतांचा कारखाना सुरू. बाकी भाबड्या कथा.

पापडीकर: राहवलं नाही म्हणून लिहितोय. स्मिर्नाच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) बिशप पोलिकार्पला मारून जाळलं ते इ.स. 155 च्या सुमारास. तेव्हा कॉन्स्टंटाइनचा बापही जन्माला यायचा होता! लोकांनी त्याची हाडं वेचली, ती रत्नांहून मोलाची मानली आणि दरवर्षी त्या दिवशी जमायचं ठरवलं. यात पोप कुठे आला? उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या काळात स्वतः लपलेला, तरी धर्मगुरूंना कळवत होता की तुरुंगात मेलेल्यांचे दिवस टिपून ठेवा. पोपने रीतसर संत जाहीर केल्याची पहिली पक्की नोंद 993 ची, ऑग्सबुर्गच्या उलरिकची. करा हिशेब.

शंकासूर: बरं, पोप नाही तर बिशप. त्याच कार्थेजची लुसिला विसरलात? कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) घेण्याआधी कुणा हुतात्म्याचं हाड चुंबायची. तिथल्या चर्चचा अधिकारी सेसिलियन याने झापलं, कारण त्या हुतात्म्याला मान्यता नव्हती. बाई पैसेवाली, डूख धरून बसली. पुढे तो बिशप झाल्यावर विरोधकांना पैसा पुरवला आणि आफ्रिकेतलं चर्च दुभंगलं. लोक ठरवत होते म्हणे!

आगाशीची लेक: ते कार्थेज राहू द्या. आमच्या गोन्सालो गार्सियाला 1597 मध्ये नागासाकीत क्रुसावर मारलं. 1627 ला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी), संत थेट 1862 ला. वसईचा म्हणूनच ताटकळवला ना?

पापडीकर: ताई, त्याच्यासोबत मारलेले पंचवीसही त्याच दिवशी संत झाले. त्यांत स्पॅनिशही होते.

शंकासूर: आणि 'आमचा' कसला? बाप पोर्तुगीज.

आगाशीची लेक: म्हणजे आई मोजायचीच नाही? ती इथलीच होती. तोंड सांभाळून बोला. माझ्या आजीने मुलाच्या काविळीत गोन्सालोलाच नवस केला होता, रोमला विचारायला गेली नव्हती.

पापडीकर: हेच तर मी वरपासून ओरडतोय!

शंकासूर: आजीचा नवस म्हणजे पुरावा, वा! घ्या, 993 पर्यंत पोप सुटला. बिशपांना मात्र सोडणार नाही. स्पेनमध्ये एल्विराच्या धर्मसभेत त्यांनीच ठरवलं ना, की मूर्ती फोडताना मारला गेलेला हुतात्म्यांत धरायचा नाही?

पापडीकर: ठरवलं. लोक अशांनाही हुतात्मा म्हणत असतील, म्हणूनच ठरवावं लागलं असणार. आता मूळ पोस्टमधला पोप खोडा आधी.

आगाशीची लेक: आणि गोन्सालोच्या आईबद्दलच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर?