मदत हवी: आईच्या मेंदूचा एमआरआय अमेरिकेला पाठवायचा आहे, पत्ता सांगा

खानापूरकर: आईचा एमआरआय झाला. रिपोर्टात हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) आकसलाय, 'एमटीए २' (किती आकसलाय त्याचा आकडा) असं आहे. डॉक्टर म्हणाले पेट स्कॅन करा. भाचा म्हणतोय अमेरिकेत एडीएनआय म्हणून अल्झायमरचं संशोधन चालतं, सीडी पाठवली की फुकटात निदान. पत्ता कुणाकडे आहे? शुक्रवारच्या आत पाहिजे.

निपाणीची सून: आईंचं वय? त्रास काय? काहीच लिहिलं नाही की हो.

टिळकवाडी काका: पेट करून टाका सरळ. आमच्या व्याह्यांचं त्यातच कळलं.

खानापूरकर: त्यांना अल्झायमरच होता का?

टिळकवाडी काका: नाही, फुप्फुसाचा कॅन्सर. मशीन तेच.

चिकोडी स्कॅनवाला: मशीन तेच, इंजेक्शन वेगळं, काका. एफडीजी पेटमध्ये मेंदू साखर कुठं कमी वापरतो ते दिसतं. अमायलॉइड पेटचं औषध निराळं, त्यात अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन दिसतं. चिठ्ठीत कुठलं लिहिलंय? अमायलॉइड धडधाकट म्हाताऱ्यांतही सापडतं, एकट्या पेटवर शिक्का मारत नाहीत. एडीएनआय २००४ साली सुरू झालं. अनेक केंद्रं मिळून, नोंदवलेल्या लोकांचेच स्कॅन वर्षानुवर्षं करतात आणि नाव काढून जगभरच्या संशोधकांना देतात. बाहेरच्या पेशंटची सीडी बघून निदान देत नाहीत. वय सांगा आधी.

खानापूरकर: ७८. तेच तेच विचारते. परवा कुकरची शिट्टी फ्रीजमध्ये सापडली.

चिकोडी स्कॅनवाला: मग ७५ च्या पुढं २ हा आकडा बऱ्याचदा वयात धरतात, ३ पासून काळजी. डॉक्टरांना हेच विचारा.

हलगा ८८: बंगळूरला आयआयएससीत ब्रेन रिसर्चचं सेंटर आहे, तिथं आईंचं नाव घाला. एमआरआय फुकट.

चिकोडी स्कॅनवाला: त्यांचा गावाकडचा अभ्यास कोलारच्या श्रीनिवासपुरातल्या लोकांवर आहे. तोही आधी स्मृतिभ्रंश नसलेल्यांवर. खानापूरहून कसं नाव घालणार?

निपाणीची सून: बी१२, थायरॉइड बघितलं का? आणि ती प्रश्न विचारायची चाचणी?

खानापूरकर: ३० पैकी १६ आले. वार-महिना सांगताना अडली. कन्नडात विचारत होते, तिला बाजारापुरतंच येतं.

निपाणीची सून: अहो, हे आत्ता सांगताय?

सीमावासी: घ्या. पाट्या झाल्या, उतारे झाले, आता म्हातारीची आठवणही कन्नडात मोजा.

टिळकवाडी काका: इथं राजकारण नको. आमची सगळी हयात कन्नड शेजाऱ्यांत गेली.

सीमावासी: तुमची गेली. त्यांची आई नापास झाली त्याचं काय?

चिकोडी स्कॅनवाला: भांडण राहू दे, मुद्दा खरा आहे. शाळा कमी असली तरी गुण पडतात. चाचणी मराठीतून परत घ्यायला सांगा.

खानापूरकर: शाळा चौथी, मराठी. बी१२ केलेलं नाही. पेट करू का नको, एका शब्दात सांगा.

टिळकवाडी काका: करा.

निपाणीची सून: आधी रक्त!

हलगा ८८: एमआरआय कितीला पडला ओ? मला कमरेचा काढायचाय.