मीडियाविकी लॅपटॉपवर: स्किन दिसत नाही आणि ‘क्षेत्र माहुली’ ‘क’मध्ये येतंय

वाचनालय_वाई

नमस्कार. मी वाईतल्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. आमच्याकडे सातारा जिल्ह्यातल्या गावांची जुनी कात्रणं, स्मरणिका, जत्रांची पत्रकं पेट्या भरून पडली आहेत. त्यांची गाववार सूची मीडियाविकीवर, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर, करायचं ठरलंय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी जिथे बसून मराठी विश्वकोशाचं काम केलं, त्या गावच्या सूचीत वर्णानुक्रम चुकलेला मला चालणार नाही. म्हणून सर्व्हरवर जाण्याआधी सगळं माझ्या लॅपटॉपवर तपासून घेतेय.

उबुंटू २४.०४ आहे, रॅम ४ जीबी, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. डॉकर (सगळं तयार डब्यात चालवणारं साधन) लावलं की लॅपटॉप गुदमरतो. मग गिटवरून (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) कोअर, म्हणजे मीडियाविकीचा मूळ कोड घेतला, लागणारे पीएचपीचे भाग आणणारं कंपोझर चालवलं, एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसवर इन्स्टॉलही झालं. पण ब्राउझरमध्ये पान उघडलं की पांढऱ्या पानावर निळ्या लिंका एकाखाली एक, आणि वर व्हेक्टर-२०२२ ही स्किन (पानाचं रूप ठरवणारा भाग) उपलब्ध नसल्याची इंग्रजी सूचना.

भाषा मराठी करून त्या तशाच पानांवर ‘वर्ग:गावे’ बनवून बघितला. ‘क्षेत्र माहुली’ कोरेगावच्या खाली, ‘क’मध्येच. ‘पळशी’ ‘पसरणी’च्या आधी. हे कुठे बदलायचं? प्रत्येक पानावर डीफॉल्टसॉर्ट (त्या पानाचा क्रम हाताने ठरवणारी ओळ) लिहीत बसणं शक्य नाही, गावं फार आहेत.

कराडचा_पोरगा

ताई, गिटच्या भानगडीत कशाला पडताय? मीडियाविकीच्या साइटवरून टारबॉल, म्हणजे तयार बांधलेली फाइल उतरवून घ्या. व्हेक्टर, मोनोबुक आणि नेहमीची एक्स्टेन्शन्स त्यात आधीच असतात. क्रमाचं मला माहीत नाही.

विश्रामबाग_सांगली

नुसती सूची चालवायची असेल तर टारबॉल उत्तमच. पण ताईंना आत हात घालून तपासायचंय आणि पुढे काही दुरुस्ती सापडली तर ती मूळ प्रकल्पाकडे पाठवताही यायला हवी, त्यामुळे गिट सोडू नका.

आधी स्किनचं. कोअरच्या रेपॉझिटरीत (गिटवरच्या कोडसाठ्यात) स्किन नसतात, प्रत्येक स्किनची रेपॉझिटरी वेगळी आहे. ‘स्किन्स’ फोल्डरमध्ये जाऊन व्हेक्टर क्लोन करा, म्हणजे तिची प्रत उतरवा. डेप्थ १ ठेवा म्हणजे सगळा इतिहास उतरणार नाही आणि हॉटस्पॉटचा डेटा वाचेल. कोअरची जी शाखा (आवृत्ती) असेल तीच स्किनची घ्या. तुमच्या कामाला मी १.४३ सुचवेन, ती दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे आणि पीएचपी ८.१ च्या पुढे चालते. कोअर १.४३ चं आणि स्किन मास्टरची (सतत बदलत्या मुख्य शाखेची) अशी भेसळ केली की भलत्याच एरर येतात आणि माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो. मग लोकलसेटिंग्ज या विकीच्या सेटिंगच्या फाइलीच्या शेवटी व्हेक्टर लोड करणारी ओळ टाका. इन्स्टॉल करताना स्किन फोल्डरात असती तर ती ओळ आपोआप आली असती.

डॉकर काढून टाका. ‘कंपोझर सर्व्ह’ म्हटलं की पीएचपीचाच छोटा सर्व्हर ४००० पोर्टवर सुरू होतो. ४ जीबीत आरामात चालतं.

आता क्रमाचं, कारण खरा प्रश्न तोच आहे. मीडियाविकीत वर्गाचा क्रम मुळात ‘अपरकेस’ या पद्धतीने लागतो, म्हणजे युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या) तक्त्यात जे अक्षर आधी ते आधी. त्या तक्त्यात ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढची जागा आहे, ‘व’ आणि ‘स’च्या आधी. म्हणून पळशी वर गेली. ‘क्ष’ला तर स्वतंत्र जागाच नाही. तो क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांत साठवला जातो. हलन्ताचा क्रमांक सगळ्या नेहमीच्या मात्रांनंतर येतो, म्हणून क्षेत्र माहुली कोरेगावच्याही खाली.

मराठीसाठी वेगळी पद्धत कोअरमध्ये आधीपासून आहे, तिचं नाव ‘यूसीए-एमआर’. तिच्यात ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’. लोकलसेटिंग्जमध्ये कॅटेगरी कोलेशनच्या (वर्गातल्या क्रमाच्या) व्हेरिएबलला हे मूल्य द्या. यासाठी पीएचपीचं ‘इंटल’ पॅकेज लागतं, कारण हे काम आयसीयू या भाषांचे नियम जाणणाऱ्या लायब्ररीकडून करून घेतलं जातं. त्यानंतर मेंटेनन्समधली ‘अपडेटकोलेशन’ ही स्क्रिप्ट चालवा. ही पायरी सोडलीत तर आधीची पानं जुन्याच क्रमाने राहतील, कारण प्रत्येक पानाचा क्रम ठरवणारी खूण (सॉर्ट-की) डेटाबेसमध्ये आधीच लिहून ठेवलेली असते.

तपासायला मोजकी गावं पुरतात: कोरेगाव, क्षेत्र माहुली, पसरणी, पळशी, वाई, हिवरे. क्षेत्र माहुली हिवऱ्याच्याही खाली ‘क्ष’ अशा स्वतंत्र मथळ्याखाली आली की समजा जमलं.

वाचनालय_वाई

दादा, जमलं! इंटल आधीच होतं. क्षेत्र माहुली अगदी शेवटी, वर ‘क्ष’ असा ठळक मथळा. पसरणी आधी, पळशी नंतर. आमच्या अध्यक्षांना लगेच स्क्रीन दाखवली, ते जुन्या कार्डांच्या पेटीशी एकेक नाव ताडून बघत बसलेत.

दोन गोष्टी राहिल्या. काही बटणं अजून इंग्रजीत आहेत, ती आय१८एन (भाषांतरांच्या) फोल्डरातल्या मराठी फाइलमध्ये मीच भरू का? आणि हे सर्व्हरवर न्यायचं कसं?

विश्रामबाग_सांगली

फाइलमध्ये हाताने भरू नका. बटणांवरचे ते मजकूर, म्हणजे संदेश, ट्रान्सलेटविकी डॉट नेट या भाषांतराच्या साइटवर भरले जातात आणि तिथून आपोआप कोडमध्ये येतात. तिथे भरलंत तर मराठीत मीडियाविकी वापरणाऱ्या प्रत्येकाला त्याचा उपयोग होईल, आणि वाचनालयात बसणाऱ्या माणसाइतकी शब्दांची जाण आम्हा कोड लिहिणाऱ्यांना नसते, म्हणून तुम्ही हे जरूर करा. कुठल्या बटणामागे कोणता संदेश आहे ते कळायला पत्त्याच्या शेवटी ‘यूजलँग’ला ‘क्यूक्यूएक्स’ द्या. मजकुराच्या जागी संदेशांची नावं दिसतील.

सर्व्हरवर नेताना ‘डम्पबॅकअप’ने पानांची एक्सएमएल फाइल काढा आणि तिकडे ‘इम्पोर्टडम्प’ने भरा. पानं भरण्याआधीच कोलेशनची ओळ तिकडच्या सेटिंगमध्ये घाला, म्हणजे क्रम सुरुवातीपासून बरोबर लागेल.

आणि एक जपा: कंपोझरच्या एसक्यूलाइटसाठीच्या तयार कमांडने इन्स्टॉल केलं असेल तर तुमचा एसक्यूलाइट डेटाबेस ‘कॅश’ फोल्डरातच आहे. नावाला फसून कोणी तो फोल्डर साफ केला तर सगळी पानं जातील. आजच त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा.