गाडीआधी मुकादमाला फोन
आरोग्य शिबिर भरवणाऱ्या एकानं लिहिलंय, ‘ऊसतोड मजुरांसाठी औषधं जमली, आता फक्त गाडी हवी.’ गाडी सोलापुरात मिळेल हो, पण माणसं कुठं गाठणार? टोळ्या पहाटेच उसाच्या फडात जातात आणि फड संपला की कोप्या (मजुरांच्या झोपड्या) दुसरीकडे हलतात. आधी मुकादमाला (टोळी आणणाऱ्याला) फोन, मग तारीख. सकाळी दहाचं शिबिर ठेवलंत तर लेकरं न् म्हातारी तेवढी भेटतील (फोटोला पुरतात म्हणा!). धनुर्वाताची लस २ ते ८ अंशांत ठेवा, पण थेट बर्फाला टेकवू नका; गोठली की बाद. क्षयाचे उपचार साधारण ६ महिने चालतात, हंगाम बहुधा त्याआधीच आटपतो. म्हणून निक्षय क्रमांक (क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदणीचा नंबर) कागदावर लिहून रुग्णाच्याच हाती द्या. मजूर आपल्या गावी, बीडला परतल्यावर तिथल्या सरकारी दवाखान्यात त्यावरून पुढच्या गोळ्या मिळवता येतात.