फुजी बेसॉल्टचा, मग दख्खनसारखा पसरट का नाही?

गारगोटी:
पुस्तकात वाचलंय की बेसॉल्टचा लाव्हा पातळ, तो लांबवर पसरतो. शंकूसारखे संमिश्र ज्वालामुखी (लाव्हा आणि राख-खडे यांच्या आलटूनपालटून थरांचे) अँडेसाइटचे, म्हणजे जास्त सिलिकाच्या, घट्टसर लाव्हाच्या खडकाचे. पण जपानचा फुजी जवळजवळ सगळा बेसॉल्टचा. मग ३७७६ मीटरचा शंकू उभा राहिला कसा?

कातळ:
फरक खडकापेक्षा उद्रेकाच्या तऱ्हेत आहे. दख्खनमध्ये प्रामुख्याने लांब भेगांतून प्रचंड लाव्हा वाहिला. फुजीखाली पॅसिफिक प्लेट खोल शिरते, तिच्यातून सुटलेल्या पाण्यामुळे वरचं प्रावरण वितळतं, म्हणून शिलारसात पाणी भरपूर. वर येताना दाब उतरला की वाफ सुटते, लाव्हाच्या चिंधड्या होतात आणि सच्छिद्र काळे-तांबडे खडे, म्हणजे स्कोरिया, तोंडाभोवतीच पडतात. ट्रकमधून ओतलेली खडी ३०-३५ अंशांवर थांबते ना? माथ्याजवळचा उतार साधारण तेवढाच. मधूनमधून वाहिलेला लाव्हा त्यावर कवच धरतो, नाहीतर पावसाने खडे केव्हाच खाली आणले असते. पश्चिमेच्या ओसावा घळीत हे थर उघडे पडलेत. तिथे भुसभुशीत स्कोरिया आधी झडतो, वरचा लाव्हा अधांतरी राहून तुटतो आणि घळ रुंदावत जाते.

टेकडीवाला:
सहमत, पण फुजी म्हणजे एकच शंकू नव्हे. तळाशी सेन-कोमिताके, त्यावर कोमिताके हे आधीचे ज्वालामुखी, मग सुमारे १ लाख वर्षांपूर्वी सुरू झालेला जुना फुजी आणि वर गेल्या साधारण १० हजार वर्षांचा नवा, अशी रास आहे. पाणी शोधताना हे फार उपयोगी. नव्या फुजीच्या भेगाळ लाव्हातून पाणी मुरतं, जुन्याच्या घट्ट चिखल-प्रवाहांवर अडतं आणि शिराइतो धबधब्याला त्याच सांध्यातून, कड्याच्या मधूनच, बाहेर पडतं.
आणि पातळ बेसॉल्ट इथेही पसरतोच! ८६४ मध्ये वायव्य उतारावरच्या भेगांतून आलेल्या लाव्हाने सेनोउमी तलाव बुजवला. उरले ते साइको आणि शोजी. आओकिगाहाराचं जंगल त्याच लाव्हावर उभं आहे.

गारगोटी:
मग फुजीच्या १७०७ च्या उद्रेकाच्या राखेत तळाशी पांढरा प्यूमिस, म्हणजे हलका फेसाळ खडक, कुठून आला?

कातळ:
त्या, म्हणजे होएइ, उद्रेकाची सुरुवातच डेसाइटने (अँडेसाइटहूनही जास्त सिलिकाचा खडक) झाली, मग अँडेसाइट, शेवटी बेसॉल्ट. वरच्या कोठीत साचून सिलिका वाढलेला शिलारस आधी उडाला, खालून आलेला ताजा बेसॉल्ट मागाहून. पूर्वेकडच्या छेदात तळाशी फिकट पातळ पट्टा आणि वर जाड काळा थर दिसला तर तो बहुधा होएइचाच. फक्त नमुना त्या फिकट पट्ट्यातून घेऊन अख्ख्या फुजीला डेसाइटचा ठरवू नका.